म्युरेटच्या पोत्यात ऑक्सिजन नसतो

पत्र

मॅडम, नमस्कार. कसबा बावड्यात आमचं खत-औषधांचं दुकान आहे. परवाना मिस्टरांच्या नावावर, पण ते दिवसभर उसाच्या मागं, त्यामुळं गल्ल्यावर मीच. माझी दहावी मराठी शाळेतून, पुढं कॉमर्स. मुलगा यंदा नववीत, सेमी इंग्लिशला. सध्या त्याचं आयन, मूलकं, संयुजा हे चाललंय आणि घरात रोज रात्री वादावादी. तो सगळा तक्ता घोकतो आणि सकाळी उठून सल्फेट, सल्फाईट, सल्फाईड यांची भेळ करतो. मी ‘धन मूलक’ म्हटलं की म्हणतो, ‘आई, कॅटायन म्हण, तुझं जुनं झालं.’ परवा विचारलं, कॅथोड निगेटिव्ह असतो तर कॅटायन पॉझिटिव्ह कसा? मला सांगता येईना. मग म्हणाला, गिऱ्हाइकांना तू कॅल्शियम नायट्रेट कशात मिसळू नका म्हणतेस, ते तरी का? तेही सांगता येईना. ‘मग तुला नुसती पोती विकता येतात,’ म्हणाला. मॅडम, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. राजारामपुरीत क्लास आहे. फी परवडणार नाही असं नाही, पण एवढ्यासाठी क्लास लावायचा का? आणि नावं लक्षात ठेवायची काही ट्रिक असेल तर कृपया सांगा.

ता. क. भिशीतल्या मैत्रिणीनं निगेटिव्ह आयनचं ब्रेसलेट आणलंय, तीन हजाराचं. झोप चांगली लागते म्हणते. मलाही घे म्हणून मागं लागलीय. घ्यावं का?

– एक आई, कसबा बावडा

उत्तर

ताई,

आधी त्या वाक्याचं बघू. नववीतलं पोरगं असं बोलतं तेव्हा बहुतेक वेळा स्वतःला जमत नाही त्याचा राग आईवर निघत असतो. हे समजून घ्यायचं, पण सोडून द्यायचं नाही. अभ्यासाची वेळ नसताना, त्याचे बाबा समोर असताना, एकदाच सांगा की घर ज्या पोत्यांवर चालतं त्यांच्याबद्दल या सुरात बोललेलं चालणार नाही. आवाज चढवू नका आणि पुन्हा तो विषय काढू नका.

आता रसायनशास्त्र. शाळेच्या तक्त्यातले बरेचसे आयन तुमच्या दुकानात थप्पी लावून ठेवलेत आणि तुम्ही ते नावानिशी ओळखता. तुमच्याकडं नाही ती फक्त नावं ठेवायची रीत, आणि ती एखाद्या रविवारच्या दुपारी समजण्यासारखी आहे. ट्रिक मात्र देणार नाही. ट्रिकांवर मुलं चाचणीपुरती तरतात आणि सहामाहीला पुन्हा तिथंच बुडतात. इतकी वर्षं वर्गात हे बघितल्यावर आता त्या यमक जुळवलेल्या ओळी ऐकल्या तरी माझं डोकं फिरतं.

सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. बेरीज शून्य, म्हणून अणूवर प्रभार नाही. एक इलेक्ट्रॉन गेला की प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०, म्हणजे एक धन प्रभार उरला. क्लोरीनचे १७. त्याला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळाला की १८, म्हणजे एक ऋण प्रभार. असा प्रभार आलेला अणू किंवा अणूंचा गट म्हणजे आयन. पहिली ठेच इथंच लागते: काहीतरी गेलं आणि तरी अधिकचं चिन्ह कसं आलं? गेलं ते ऋण होतं, म्हणून. प्रोटॉन जागचा हलत नाही, ये-जा असते ती फक्त इलेक्ट्रॉनची. ही वजाबाकी तुम्ही करून दाखवू नका. त्याच्याकडून करून घ्या, सोडियम, क्लोरीन, मग मॅग्नेशियम. तीन झाली की पुरे.

तुमचं ‘धन मूलक’ आणि त्याचा ‘कॅटायन’ ही एकाच गोष्टीची नावं. धन आयन म्हणा, धनायन म्हणा, कॅटायन म्हणा. मराठी माध्यमाच्या पुस्तकात मूलक आजही आहे, तेव्हा तुमचं काही जुनं झालेलं नाही. सेमी इंग्लिशच्या मुलांना वाटतं की इंग्रजी नाव आलं म्हणजे विषय आला. हा त्यांच्या वयाचा दोष, थोडा आम्हा शिक्षकांचाही.

कॅथोडचा त्याचा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि चांगला आहे असं त्याला सांगा. हे शब्द १८३४ साली लंडनचे शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी रूढ केले. नवी नावं हवी होती म्हणून त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाला पत्र लिहून विचारलं, आणि अ‍ॅनोड, कॅथोड, अ‍ॅनायन, कॅटायन ही मंडळी त्या पत्रव्यवहारातून आली. आयनाला नाव मिळालं ते तो कुठल्या टोकाकडं जातो त्यावरून. कॅथोडकडं चालत जातो तो कॅटायन. विद्युत अपघटनात, म्हणजे द्रावणातून वीज सोडतात तेव्हा, कॅथोड ऋण असतो, आणि ऋणाकडं ओढला जाणार तो धनच. शिरोली एमआयडीसीत निकेल प्लेटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, निगेटिव्हला लटकवतात, कारण द्रावणातला निकेल आयन धन असतो आणि त्याला जॉबवर येऊन बसायचं असतं. एक गोष्ट आत्ताच त्याच्या कानावर घाला: टॉर्चच्या सेलमध्ये अधिकचं टोक हाच कॅथोड असतो. म्हणून ‘कॅथोड म्हणजे निगेटिव्ह’ असं पाठ करू नये, पुढच्या वर्गात ते अंगाशी येतं.

आता नावांची रीत. क्षार म्हणजे धन आणि ऋण आयनांची जोडी, त्याचं नाव म्हणजे नाव आणि आडनाव. आधी धन आयन, मागून ऋण आयन. पोटॅशियम नायट्रेट, अमोनियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराईड. पोत्यावर वाचायचं तेही असंच, तोडून. धन बाजू सोपी, कारण धातूचं नाव आहे तसंच राहतं. सोडियमचा सोडियम आयन, झिंकचा झिंक आयन. सोडियम-पोटॅशियमवर नेहमी एक, कॅल्शियम-मॅग्नेशियम-झिंकवर दोन, अ‍ॅल्युमिनियमवर तीन. अमोनियम एवढाच पाहुणा: धातू नाही, नायट्रोजन आणि चार हायड्रोजन मिळून झालेला, पण प्रभार एक धन आणि वागणं पोटॅशियमसारखं.

भानगड होते ती लोखंडाशी आणि तांब्याशी, कारण त्यांचे प्रभार बदलतात. हे पुस्तकातून शिकवू नका, फेरस सल्फेटची पिशवी काढा. उसावर केवडा पडला, म्हणजे पानं पिवळी पडली, की शेतकरी तेच मागायला येतो, हिराकस म्हणून. नवा माल फिकट हिरवा असतो. पावसाळ्यात तोंड नीट न बांधता कोपऱ्यात ठेवलेली अर्धी पिशवी असेल तर तीही आणा. वरच्या थराला आणि प्लॅस्टिकला चिकटलेल्या खड्यांना पिवळट-तांबूस कड आलेली दिसेल. खाली हात घातला तर हिरवाच. त्या कडेला असलेल्या फेरस आयनानं आणखी एक इलेक्ट्रॉन सोडला, हवेतल्या ऑक्सिजनला दिला, आणि तो फेरिक झाला. लोखंड तेच, पण दोन धनाचे तीन धन झाले आणि रंग पालटला. तुमच्या धंद्याच्या दृष्टीनं मालही उतरला, कारण चुनखडीच्या जमिनीत फेरिक पाण्यात विरघळून राहतच नाही, मुळांच्या वाट्याला येत नाही. अशा जमिनीत घातलेलं फेरससुद्धा लवकरच फेरिक होतं, म्हणून तर तुम्ही केवड्यावर फवारणी करायला सांगता.

फेरस कमी प्रभाराचा, फेरिक जास्तीचा. शेवटी ‘अस’ आलं की कमी, ‘इक’ आलं की जास्त. मुलं मात्र लगेच ठरवतात की ‘अस’ म्हणजे दोन. तसं नाही. तांब्यात क्युप्रसवर एक आणि क्युप्रिकवर दोन. मोरचूद आहे ना, ते क्युप्रिक सल्फेट. म्हणजे फेरसवरचा आकडा आणि क्युप्रिकवरचा आकडा सारखाच निघाला. या गोंधळावर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१९ मध्ये उपाय सुचवला: शेपटी काढून टाका आणि प्रभार आकड्यात लिहा. आज तो रोमन आकड्यात, कंसात लिहितात. आयर्न टू, आयर्न थ्री, कॉपर वन, कॉपर टू. आता परीक्षेत दोन्ही पद्धती येतात. तो कंसातला आकडा प्रभाराचा असतो, अणू किती आहेत त्याचा नव्हे. आयर्न थ्री ऑक्साईडमध्ये लोखंडाचे अणू दोन आणि ऑक्सिजनचे तीन. या एका ठिकाणी हुशार मुलांचेही मार्क जातात. आणि झिंकला रोमन आकडा लावत बसायचं कारण नाही, त्याचा प्रभार कुठं बदलतोय.

ऋण बाजूला तुमच्या मुलाची भेळ होते, तिथं जरा थांबू. एकटाच अणू ऋण झाला की शेवटी ‘आईड’. क्लोरीनचा क्लोराईड, ऑक्सिजनचा ऑक्साईड, सल्फरचा सल्फाईड. सल्फाईडमध्ये ऑक्सिजनचं नावसुद्धा नाही. ऑक्सिजन सोबत आला की ‘एट’ किंवा ‘आईट’. ‘एट’मध्ये ऑक्सिजन जास्त, ‘आईट’मध्ये त्यापेक्षा एक कमी. सल्फेटमध्ये चार, सल्फाईटमध्ये तीन. नायट्रेटमध्ये तीन, नायट्राईटमध्ये दोन. ऑक्सिजन कमी झाला तरी प्रभार तोच राहतो: सल्फेट दोन ऋण, सल्फाईटही दोन ऋण. मुलांना वाटतं एक ऑक्सिजन गेला म्हणजे प्रभारही एकानं घटणार. घटत नाही.

‘एट’ म्हणजे ऑक्सिजन किती, हे नाव सांगत नाही. ही या पद्धतीची खोट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून पाठ करायचे ते फक्त पाच: नायट्रेट तीन ऑक्सिजन एक ऋण, क्लोरेट तीन ऑक्सिजन एक ऋण, कार्बोनेट तीन ऑक्सिजन दोन ऋण, सल्फेट चार ऑक्सिजन दोन ऋण, फॉस्फेट चार ऑक्सिजन तीन ऋण. पाचांच्या पलीकडं घोकायला गेला तर वही हिसकावून घ्या. बाकीचे यांच्यातूनच काढायचे. क्लोरेटमधून एक ऑक्सिजन काढला की क्लोराईट, आणखी एक काढला की सुरुवातीला हायपो लागून हायपोक्लोराईट. उलट क्लोरेटमध्ये एक वाढवला की परक्लोरेट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर गल्लोगल्ली जी ब्लीचिंग पावडर मारली, तिच्यातलं कामाचं द्रव्य म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराईट, क्लोरीनला एकच ऑक्सिजन असलेलं.

हायड्रोजन चिकटला तर काय? प्रत्येक हायड्रोजनमागं एक ऋण मिटतं. धुण्याचा सोडा कार्बोनेट, दोन ऋण, म्हणून दोन सोडियम लागतात. खाण्याच्या सोड्यात कार्बोनेटला एक हायड्रोजन चिकटलाय, एकच ऋण उरलं, एका सोडियमवर भागतं. बायकार्बोनेट म्हणतात त्याला, पण त्यात कार्बोनेट दोन नसतात. बरोबर नाव हायड्रोजन कार्बोनेट. आता तुमच्या शेल्फवरचं झिरो बावन्न चौतीस घ्या. ते पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. फॉस्फेटचे तीन ऋण, दोन हायड्रोजननी दोन मिटवले, एक उरला, तो एका पोटॅशियमनं. डीएपीमध्ये, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटमध्ये, एकच हायड्रोजन, दोन ऋण उरले, म्हणून अमोनियम दोन, आणि नावातला ‘डाय’ त्या दोन अमोनियमचा. हे दोन पुडे समोर ठेवून मुलानं सूत्रं स्वतः काढली की संयुजेचा, म्हणजे कोण किती जणांशी जुळतो त्याचा, अर्धा धडा संपला.

पोत्यांवर फसवी नावंही आहेत, आणि माझ्या मते सगळं शिक्षण खरं तिथंच आहे. लाल पोटॅशच्या पोत्यावर म्युरेट ऑफ पोटॅश असं असतं. मुलगा रीत शिकला की हमखास म्हणेल, शेवटी ‘एट’ आहे, म्हणजे ऑक्सिजन आला. आलाच नाही. आत पोटॅशियम क्लोराईड आहे. ‘एट’ आणि ‘आईट’ लावायची ही रीत १७८७ साली पॅरिसमध्ये गिटों द मोर्वो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूरक्रुआ या चौघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी घालून दिली. त्या काळी लाव्हाझिए यांची समजूत अशी की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असायलाच हवा. मिठापासून मिळणाऱ्या म्युरिअ‍ॅटिक आम्लातही असणार असं धरून त्याच्या क्षारांना म्युरेट नाव पडलं. १८१० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिलं की या आम्लापासून मिळणारा हिरवट वायू स्वतःच एक मूलद्रव्य आहे, त्यात ऑक्सिजन कुठंच नाही, आणि त्याला क्लोरीन हे नाव दिलं. पुस्तकं बदलली, खताचं पोतं बदललं नाही. दोनशे वर्षांपूर्वीची चुकीची समजूत तुम्ही आजही बिलावर लिहिता. त्याच पोत्यावरचे ६० टक्के हेही पोटॅशियम क्लोराईडचे नाहीत, आतलं पोटॅशियम ऑक्साईडच्या रूपात मोजलं तर किती भरेल त्याचा तो आकडा. प्रत्यक्षात आत ऑक्साईड नसतं, हा नुसता हिशेबाचा रिवाज.

झिंक सल्फेटच्या दोन पिशव्या असतील, २१ टक्क्यांची आणि ३३ टक्क्यांची. पहिलीवर हेप्टाहायड्रेट, दुसरीवर मोनोहायड्रेट. इथंही शेवटी ‘एट’, पण हायड्रेट हा आयनच नव्हे, ते स्फटिकात अडकलेलं पाणी आहे, एकीत सात रेणू, दुसरीत एक. पाणी जास्त म्हणून झिंकचा टक्का कमी. गुऱ्हाळवाले हायड्रोस मागतात ते सोडियम हायड्रोसल्फाईट, आणि त्यात नावाला जागेल असा हायड्रोजन नाही. नीट नाव सोडियम डायथायोनाईट. (गुळाला पिवळाधमक रंग आणायला ते मूठ-मूठ टाकतात, ते मला पसंत नाही. काळसर गूळ घ्यावा, पण तो वेगळा विषय.) आणि युरिया? त्यात धन-ऋण काहीच नाही. युरिया हा अख्खा रेणू. जमिनीत गेल्यावर त्याचा अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचा नायट्राईट करतात, मग नायट्रेट. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून त्या धन अमोनियमला धरून ठेवतात आणि ऋण नायट्रेटला सोडून देतात. मुसळधार पावसात नत्र वाहून जातं म्हणता ते हेच, नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघून जातो.

आता तुमचा कॅल्शियम नायट्रेटचा नियम. तुम्ही वर्षानुवर्षं बरोबर सांगत आलात, कारण एवढंच होतं: क्षार पाण्यात विरघळला की जोडी फुटते. कॅल्शियम वेगळा फिरतो, नायट्रेट वेगळा. त्याच टाकीत कुणी मॅग्नेशियम सल्फेट टाकलं की मॅग्नेशियम आणि सल्फेटही सुटे होतात. चौघे मोकळे झाल्यावर कोण कुणाशी जुळेल ते पाण्याच्या हातात. कॅल्शियम नायट्रेट लिटरभर पाण्यात किलोभरही विरघळतं. कॅल्शियम सल्फेट जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणून कॅल्शियमला सल्फेट भेटला की ती जोडी पाण्यातून बाहेर पडते, टाकी दुधाळ होते, तळाला पांढरा गाळ बसतो आणि ठिबकचे ड्रिपर तुंबतात. तो पांढरा गाळ म्हणजे जिप्सम, तुम्ही चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीसाठी विकता तेच. तिथं ते उपयोगाचं, कारण कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमला हुसकावतो आणि सोडियम सल्फेट चरातून वाहून जातं. ड्रिपरमध्ये तेच जिप्सम म्हणजे डोक्याला ताप. फॉस्फेटशीही कॅल्शियमचं असंच, झिरो बावन्न चौतीस त्याच टाकीत टाकलं की गाळ. मात्र ‘कशातच मिसळू नका’ हे थोडं जास्त कडक आहे. तेरा झिरो पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्यात चालतं. तिथं नवीन जोड्या जुळल्या तरी सगळ्या विरघळणाऱ्याच.

हे मुलाला सांगून दाखवू नका, करून दाखवा. काचेचे दोन ग्लास, एकात चमचाभर कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही नितळ होईपर्यंत ढवळायचे. मग एकात दुसरा ओतायचा. जमला तर लगेच पांढरा, नाहीतर थोड्या वेळानं धुरकट होऊन तळ धरेल. ते ग्लास पुन्हा प्यायला वापरू नका आणि हात धुवा. विचारा, गाळात कोण गेलं आणि पाण्यात कोण राहिलं. पाण्यात मॅग्नेशियम आणि नायट्रेट राहिले हे तो बोलला तर तुमच्या घरातला वाद मिटला असं समजा.

आणखी एक कागद वापरा. शेतकरी विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल घेऊन तुमच्याकडं येतात ना, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका गटात आणि कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराईड, सल्फेट दुसऱ्या गटात असतात, बहुतेक मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये, म्हणजे प्रभाराच्या हिशेबानं मोजलेले. मुलाला दोन्ही गटांची वेगवेगळी बेरीज करायला सांगा. दोन्ही जवळपास सारख्याच यायला हव्यात, कारण पाण्यावर एकूण प्रभार नसतो. बेरजांत मोठी तफावत निघाली तर प्रयोगशाळेला पुन्हा विचारायला हवं. शिरोळकडच्या क्षारपड भागातला एखादा अहवाल मिळाला तर बघण्यासारखा असतो, सोडियम आणि क्लोराईडचे आकडे एकदम वर चढलेले दिसतात. शेतकऱ्याचं नाव झाकून झेरॉक्स काढा, नाहीतर गावभर चर्चा.

रोज रात्री शिकवायला बसणं मात्र बंद करा. तुम्ही दिवसभर उभ्या, तो दिवसभर शाळेत, रात्री नऊ वाजता दोघांचाही पारा चढलेला. त्यापेक्षा रविवारी दुकानाची मोजदाद असते तेव्हा त्याला स्टॉक रजिस्टर लिहायला बसवा. प्रत्येक मालाच्या नावापुढं धन आयन कोणता, ऋण आयन कोणता, प्रत्येकावर किती, आणि सूत्र, एवढं पेन्सिलीनं लिहायचं. युरियापुढं रेघ मारायची. म्युरेटपुढं त्यानं काय लिहिलं ते आधी बघा, ओरडू नका. मिक्स खतांच्या पोत्यांपाशी तो अडेल, एकोणीस एकोणीस एकोणीसमध्ये आयन अनेक असतात. तिथं त्याला पोत्यामागची बारीक अक्षरं वाचू द्या. कंस विसरणं ही या वयातली हमखास चूक: कॅल्शियम नायट्रेटमध्ये नायट्रेट दोन, मग नायट्रेट कंसात आणि दोन कंसाबाहेर. कंस नाही घातला तर तो दोन नुसत्या ऑक्सिजनला चिकटतो. हे लाल पेनानं.

क्लास लावू नका, निदान यासाठी तरी. मुलाचं गणित कच्चं असेल, वजाबाकी आणि चिन्हांतच गोंधळ होत असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा गणिताचा लावा. आयनांच्या एका धड्यासाठी वर्षाची फी भरणं मला पटत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एकदा भेटा आणि सहामाहीच्या पेपरात जुनी नावं चालतात की रोमन आकडेच हवेत ते विचारून घ्या. काही ठिकाणी फेरस लिहिलं तर मार्क कापतात आणि काही ठिकाणी आयर्न टू लिहिलं तर, याला काही इलाज नाही.

ब्रेसलेटचं. घेऊ नका. ऋण आयन शरीराला हवेत म्हणतात ते खरं, पण रक्तात क्लोराईड आणि बायकार्बोनेट भरपूर असतात आणि क्लोराईडची भर चिमूटभर मिठातून पडते. मनगटावरच्या पट्टीतून आयन आत जात नाहीत. उलट यातल्या काही वस्तूंत हवेचं आयनीकरण व्हावं म्हणून किरणोत्सर्गी खनिजांची पूड घातलेली सापडलीय. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्यानं अशी दहा उत्पादनं तपासून ती किरणोत्सर्गी असल्याचं जाहीर केलं आणि लोकांना अंगावर घालू नका, बाजूला ठेवा असं सांगितलं. त्यांत ब्रेसलेटही होती आणि गळ्यातली पदकंही. मैत्रिणीचं तसंच असेल असं नाही, पण घरी बसून ते तपासता येत नाही. तेव्हा रात्रभर मनगटात ठेवून झोपू नको एवढं तिच्या कानावर घाला. आणि भिशीत वाईटपणा नको असेल तर सरळ सांगा की मनगटात काही घातलं की मला पुरळ उठतं.